मिरवायला पात्वा, शिकायला इंग्रजी

१९७१ साली सुनील गावसकरांनी वेस्ट इंडिजच्या पहिल्याच दौऱ्यात ७७४ धावा कुटल्या, आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने त्यांच्यावर कॅलिप्सो रचलं. त्या गाण्याचं कौतुक आपल्याकडे अजून ओसरलेलं नाही. गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते गयानाच्या रोहन कन्हायवरून, हेही क्रिकेटवेड्या मराठी माणसाला तोंडपाठ असतं. कॅरिबियनशी आपली ओळख साधारण इथेच संपते: फलंदाज, तेज गोलंदाज, बॉब मार्ली आणि रमची बाटली. तिथली पोरं घरात कोणत्या भाषेत बोलतात, शाळेत कोणत्या भाषेत गप्प बसतात, हे विचारायची गरज आपल्याला कधी पडली नाही. विचारायला हवं. भाषेचा अभिमान नुसता मिरवण्यापुरता उरला की मुलांच्या वाट्याला काय येतं, हे तिथे फार लख्ख दिसतं.

जमैका घेऊ. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. न्यायालय, संसद, वर्तमानपत्र, शाळा, परीक्षा सगळं इंग्रजीत. घर, बाजार, बस, भांडण, प्रेम आणि विनोद पात्वामध्ये. भाषाशास्त्रज्ञ तिला जमैकन क्रिओल म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या, एकमेकांची भाषा न समजणाऱ्या माणसांनी उसाच्या मळ्यांवर जी बोली घडवली, ती पिढ्यान्‌पिढ्या मुरून पूर्ण भाषा झाली; अशा रीतीने घडलेली भाषा म्हणजे क्रिओल. शब्द बरेचसे इंग्रजीतले, वाक्याची घडण मात्र वेगळी. शब्द ओळखीचे वाटतात म्हणूनच साहेबाने तिला मोडकी इंग्रजी ठरवलं, आणि साहेब गेल्यावर तो शिक्का घरच्याच शिक्षकांनी, पाद्र्यांनी आणि संपादकांनी जपून ठेवला.

इथवर गोष्ट कुठल्याही जुन्या वसाहतीत शोभेल अशी आहे. पुढे ती वळण घेते, कारण जमैकात पात्वाची लाज वाटणाऱ्यांचा जमाना बराच मागे पडला आहे. मिस लू म्हणून घराघरांत पोचलेल्या लुईस बेनेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून पात्वामध्ये कविता लिहिल्या, रंगमंचावर आणि रेडिओवर ती भाषा ठसक्यात आणली. आज त्या राष्ट्रीय दैवतासारख्या मानल्या जातात. जमैकाचं रेगे संगीत २०१८ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. २०१२ मध्ये बायबलचा नवा करार पात्वामध्ये छापून आला. वेस्ट इंडिज विद्यापीठाच्या मोना इथल्या भाषा विभागाने २००५ मध्ये हजार लोकांची मतं घेतली, तेव्हा सुमारे ७० टक्के लोक म्हणाले की पात्वाला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा द्या. जवळपास तितक्याच लोकांना वाटत होतं की नुसत्या इंग्रजी शाळेपेक्षा दोन्ही भाषांतून शिकवणारी शाळा बरी. म्हणजे जनता तयार नाही, ही सबबही खरी नाही.

अभिमान उदंड आहे. किंग्स्टनचा सतरा वर्षांचा मुलगा डान्सहॉलच्या गाण्यातून, टिकटॉकवरून, धावपटूंच्या मुलाखतीतून आपली भाषा जगभर ऐकतो. लंडन आणि टोरांटोची पोरं तिची नक्कल करतात. तरीही सकाळी आठ वाजता तोच मुलगा वर्गात बसतो तेव्हा त्याची भाषा ही दुरुस्त करायची वस्तू असते. माझं म्हणणं असं की कॅरिबियनमधला भाषेचा प्रश्न आता अस्मितेचा राहिलेला नाही. तो वेळापत्रकाचा आणि प्रश्नपत्रिकेचा आहे, आणि तो अस्मितेचा आहे असं दाखवत राहणं सरकारांच्या फार सोयीचं आहे. उत्सवाला खर्च कमी येतो.

वर्गात नेमकं काय बिघडतं ते नीट पाहायला हवं, कारण बहुतेक चर्चा तिथपर्यंत पोचतच नाही. बीड किंवा सिंधुदुर्गातल्या मराठी शाळेत मूल इंग्रजीच्या तासाला बसतं तेव्हा त्याला ठाऊक असतं की ही भाषा आपल्याला येत नाही. बाईंनाही ठाऊक असतं. पुस्तक तसंच बांधलेलं असतं: आधी वस्तूंची नावं, मग छोटी वाक्यं, मग काळ. बाईंचं इंग्रजी कच्चं असेल, पुस्तक रटाळ असेल, पण निदान परक्या भाषेला परकी म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्यात असतो. जमैकाच्या मुलाच्या वाट्याला हा प्रामाणिकपणा येत नाही. त्याचं इंग्रजीचं पुस्तक इंग्रजी ही त्याची मातृभाषाच आहे असं धरून लिहिलेलं असतं. मुलालाही तसंच वाटतं, कारण बाईंचं बोलणं त्याला बरंचसं कळतं.

कॅरिबियन शाळांतल्या भाषाशिक्षणावर आयुष्यभर काम केलेल्या डेनिस क्रेग यांनी या गोष्टीवर अचूक बोट ठेवलं होतं. त्यांच्या मांडणीनुसार मुलाच्या दृष्टीने इंग्रजीचे चार ढीग पडतात: जे त्याला येतं, जे ऐकल्यावर ओळखू येतं पण स्वतः बोलता-लिहिता येत नाही, जे संदर्भावरून कसंबसं कळतं, आणि जे अजिबात माहीत नाही. घात करतो तो दुसरा ढीग. ऐकलेलं ओळखू आलं की मुलाला वाटतं, हे तर मला येतं. मग शिकण्याची ओढ राहत नाही. पात्वामध्ये अनेकवचन दाखवायला नामानंतर 'देम' लावतात. क्रियापद काळानुसार आपलं रूप बदलत नाही, त्याच्या आधी वेगळा शब्द येतो. मुलगा वहीत इंग्रजी शब्द लिहितो आणि त्यांना आपल्या घरचे नियम लावतो. बाई लाल शाईने गोल काढतात: इथे 'एस' राहिला, तिथे 'ईडी' राहिला. मुलाला निष्काळजीपणाचा शेरा मिळतो. वास्तविक तो निष्काळजी नसतो, एका व्याकरणाला काटेकोरपणे धरून लिहीत असतो. ते व्याकरण आहे हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. अकरा वर्षं अशी लाल वर्तुळं पाहिलेल्या मुलाच्या मनात भाषेबद्दल एकच समज पक्का होतो, की मी ढ आहे.

यावर उपाय म्हणून घरातूनच शुद्ध इंग्रजी बोला, असा सल्ला देणाऱ्यांचीही तिथे वाण नाही. पण नाकापेक्षा मोती जड अशी इंग्रजी बोलणाऱ्याला जमैकन लोक स्पीकी-स्पोकी म्हणून हसतात. त्रिनिदादमध्ये देश न सोडता अमेरिकन ढंगात बोलणाऱ्याला गोड्या पाण्यातला यांकी म्हणतात. विशेषतः मुलग्यांमध्ये पुस्तकी इंग्रजी बोलणं म्हणजे बायकीपणा, अशी एक घट्ट समजूत आहे. शाळेत मुली पुढे निघून जातात, मोनाच्या विद्यापीठात विद्यार्थिनींची संख्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, यामागे इतर कारणं आहेतच, पण भाषेचा हा कोन त्यातला एक आहे. चौदा वर्षांच्या मुलाला वर्गातली पत आणि नाक्यावरची पत यांतून एक निवडायला लावलं तर तो काय निवडेल हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

आणि मग परीक्षा. १९७२ मध्ये स्थापन झालेली कॅरिबियन परीक्षा परिषद १९७९ पासून इंग्रजीभाषक बेटांसाठी शालान्त परीक्षा घेते. नोकरीच्या जाहिरातीत पाच विषय, त्यात गणित आणि इंग्रजी हवंच, ही अट जवळजवळ साचेबंद आहे. याच परिषदेची पुढची, उच्च माध्यमिक पातळीची परीक्षा आहे. तिच्यात संज्ञापन अभ्यास नावाचा विषय आहे, आणि त्यात विद्यार्थ्यांनी कॅरिबियनमधली भाषिक परिस्थिती, क्रिओलची घडण आणि तिच्याबद्दलचा लोकांचा दृष्टिकोन अभ्यासायचा असतो. म्हणजे आधीची सगळी गाळणी पार करून जी थोडी मुलं तिथवर पोचतात त्यांना वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी शास्त्रशुद्ध इंग्रजीत शिकवलं जातं की तुमच्या आजीची भाषा ही खरीखुरी भाषा आहे. हे ज्याला सहाव्या वर्षी कळायला हवं होतं तो एव्हाना गॅरेजमध्ये कामाला लागलेला असतो. अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी ते अंगवळणी पाडून घेतलं आहे.

खरं तर पात्वा वर्गात आणायची की नाही हा वादच खोटा आहे. ती वर्गात आहेच. गणिताचं उदाहरण फळ्यावर इंग्रजीत लिहून झालं आणि समोर तीस कोरे चेहरे दिसले की कुठल्याही शहाण्या शिक्षिकेच्या तोंडून पात्वा बाहेर पडते. पण ती शिक्षण महाविद्यालयात शिकवलेली नसते, पाठाच्या टाचणात नसते, आणि तपासणीला साहेब आले की गायब होते. २००१ मध्ये जमैकाच्या शिक्षण मंत्रालयाने भाषा धोरणाचा मसुदा काढला. देशात दोन भाषा आहेत हे त्यात कबूल केलं होतं. मुलांची घरची भाषा वर्गात तोंडी वापरावी असंही म्हटलं होतं. लिहिण्या-वाचण्याचा प्रश्न आला की मात्र पुन्हा इंग्रजीच. मसुदा मसुदाच राहिला. पुढे २००४ ते २००८ या काळात विद्यापीठाच्या भाषा विभागाने काही प्राथमिक शाळांत पहिली ते चौथी दोन्ही भाषांतून शिकवण्याचा प्रयोग केला. पात्वाची पाठ्यपुस्तकं तयार केली, शिक्षकांना लिपी शिकवली. फ्रेडरिक कॅसिडी यांनी १९६१ मध्ये सुचवलेली, उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धत त्यासाठी सुधारून घेतली होती. प्रयोग छोटा होता आणि त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'पात्वामधून शिकवता येतच नाही' हे वाक्य त्यानंतर तरी कोणी उच्चारायला नको होतं. ते अजून उच्चारलं जातं.

पालकांचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. किंग्स्टनच्या गरीब वस्तीतली आई म्हणते, माझ्या मुलाला पात्वा येतेच की. ती शिकायला शाळेत कशाला पाठवू? इंग्रजी आलं तर हॉटेलात नोकरी लागेल, कॉल सेंटरमध्ये लागेल, परदेशी जाता येईल. तिचं एक अक्षरही चुकीचं नाही. जे प्राध्यापक तिला अस्मिता समजावू पाहतात त्यांची मुलं घरातूनच इंग्रजी शिकून आलेली असतात, हेही ती पाहते. तिच्याशी अस्मितेच्या भाषेत बोलण्यात अर्थ नाही. तिच्याशी इंग्रजीच्याच भाषेत बोलावं: बाई, तुमच्या मुलाला चांगलं इंग्रजी यावं म्हणूनच त्याला आधी पात्वामध्ये वाचायला शिकवू.

या दाव्याला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आदिवासी मुलांच्या क्रिओलमधून आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळेचा अभ्यास १९८२ मध्ये झाला; दोन्ही भाषांतून शिकलेली मुलं नुसत्या इंग्रजीतून शिकलेल्यांपेक्षा दोन्हींत पुढे होती. पापुआ न्यू गिनीत टोक पिसिन या क्रिओलमधून बालवर्ग केलेली मुलं पुढे इंग्रजी शाळेत गेली, तेव्हा ती थेट इंग्रजीत बसवलेल्या मुलांच्या पुढे राहिली. जेफ सीगल या भाषाशास्त्रज्ञाने हे अभ्यास एकत्र पाहून वारंवार दाखवलं आहे की क्रिओलमुळे इंग्रजी बिघडतं ही भीती निराधार आहे. सेंट लुशियात हेझल सिमन्स-मॅकडोनल्ड यांनी वाचनात मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या क्वेयोलमधून (तिथली फ्रेंचवरून घडलेली क्रिओल) वाचायला शिकवून पाहिलं, तेव्हाही इंग्रजीचं नुकसान झालं नाही. कारण साधं आहे. वाचायला माणूस एकदाच शिकतो. अक्षर आणि आवाज यांची सांगड ज्या भाषेत अर्थ आधीच कळतो तिथे बसली, की ती दुसरीकडे नेता येते. आणि दोन भाषा शेजारी ठेवून पाहणाऱ्या मुलाला त्यांच्यातला फरक दिसू लागतो. लाल वर्तुळाचं कारण कळतं.

सेंट लुशियाचं नाव निघालंच आहे तर तिथला उत्सव पाहू. दर ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे क्वेयोल दिन साजरा होतो. मुलं मद्रासी चौकडीच्या कापडाचे कपडे घालून शाळेत येतात (हे मद्रास म्हणजे आपलंच मद्रास, तिथूनच ते कापड व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तिकडे पोचलं), हिरवी केळी आणि खारवलेला मासा खातात, क्वेयोलमध्ये नमस्कार-चमत्कार करतात. दिवस छान जातो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर इंग्रजी. शब्दभांडार फ्रेंचवरून आलेली ही भाषा आता तरुणांच्या तोंडून ओसरत चालली आहे, तिची जागा इंग्रजीवर बेतलेली नवी बोली घेते आहे. उत्सव दरवर्षी मोठा होतो आणि बोलणारे कमी होतात, या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, घडतात.

कायदा केला की काम झालं असं मानणाऱ्यांनी हैती पाहावं. १८०४ मध्ये गुलामांनी बंड करून फ्रेंचांना हाकललं आणि स्वतंत्र देश उभा केला. असं जगात दुसरीकडे झालेलं नाही. पण नव्या राज्यकर्त्यांनी कारभार फ्रेंचमध्येच ठेवला. आज एक कोटीहून जास्त वस्तीच्या या देशात प्रत्येक जण क्रेयोल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली क्रिओल, बोलतो. फ्रेंच सफाईने बोलणारे मूठभर, शेकड्यात फार तर दहा. १९७९ मध्ये शिक्षणमंत्री जोसेफ बर्नार यांनी सुधारणा आणली: पहिली चार वर्षं क्रेयोलमधून शिकवायचं. १९८७ च्या संविधानाने तर स्पष्टच लिहिलं की सर्व हैतियनांना जोडणारी भाषा क्रेयोल आहे आणि ती फ्रेंचच्या जोडीने अधिकृत आहे. २०१४ मध्ये क्रेयोल अकादमीही झाली. जमैकातले कार्यकर्ते ज्याची स्वप्नं पाहतात ते सगळं हैतीने केव्हाच कागदावर मिळवलं.

शाळेत काय झालं? हैतीतल्या बहुसंख्य शाळा खासगी, त्यातल्या कितीतरी एका खोलीच्या. फी भरणाऱ्या पालकाला फ्रेंच हवं असतं, म्हणून पाटीवर फ्रेंच, पुस्तक फ्रेंच. शिक्षकालाच फ्रेंच नीट येत नाही. तो पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचतो, मुलं सुरात म्हणतात, पाठ करतात, परीक्षेत ओकतात. क्रेयोल बोललं म्हणून पोरांना शिक्षा होण्याचे प्रकार संविधानानंतरही चालूच राहिले. एमआयटीत शिकवणारे हैतियन भाषाशास्त्रज्ञ मिशेल देग्राफ यांनी या पाठांतराच्या संस्कृतीवर सतत लिहिलं आहे. त्यांनी उभ्या केलेल्या उपक्रमात क्रेयोलमधून विज्ञान आणि गणित शिकवण्याचं साहित्य तयार होतं. पदार्थविज्ञान क्रेयोलमध्ये शिकवताना शिक्षक प्रश्न विचारू लागतात आणि मुलं त्यांच्याशी वाद घालू लागतात, हा त्यांच्या अनुभवाचा गाभा आहे. ला गोनाव बेटावरच्या मातेन्वा गावची शाळा १९९६ पासून क्रेयोलमधून शिकवते. मुलं स्वतःच्या गोष्टींची पुस्तकं स्वतः बनवतात आणि तीच वाचायला शिकण्याची पुस्तकं होतात. वाचनात ती आसपासच्या शाळांतल्या मुलांपेक्षा बरीच पुढे असतात. २०२२ मध्ये शिक्षणमंत्री नेस्मी मानिगा यांनी जाहीर केलं की पहिल्या चार इयत्तांसाठी सरकार फक्त क्रेयोल पुस्तकांनाच पैसे देईल. चाळीस वर्षांत भाषेसाठी उचललेलं हे पहिलं धारदार पाऊल, कारण ते तिजोरीशी जोडलेलं होतं. दुर्दैव असं की त्याच सुमारास टोळ्यांनी राजधानी वेठीला धरली आणि शाळाच बंद पडू लागल्या.

कुरासाव बेटाची कथा वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथली पापियामेंटू पोर्तुगीज-स्पॅनिश वळणाची, आणि राज्यकर्ते डच. डचशी तिचं नातं इतकं लांबचं की तिला कोणी मोडकी डच म्हणूच शकलं नाही. त्यामुळे तिथला उच्चवर्गही ती बिनधास्त बोलतो, वर्तमानपत्रं तिच्यात निघतात. १९८६ मध्ये ती प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली; पुढच्याच वर्षी कादंबरीकार आणि भाषाशास्त्रज्ञ फ्रँक मार्टिनुस आरियोन यांच्या पुढाकाराने कोलेजिओ एरास्मो ही पापियामेंटू माध्यमाची शाळा निघाली. शेजारच्या अरुबात ती २००३ मध्ये अधिकृत झाली, कुरासावमध्ये २००७ मध्ये. जमैकात नसलेलं जवळजवळ सगळं इथे आहे. तरीही पालक डच शाळा मागतात, कारण शिडीची वरची पायरी डच आहे: माध्यमिकची परीक्षा डच, विद्यापीठ नेदरलँड्समध्ये. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वरच्या पायरीवर काय लिहिलंय ते वाचूनच माणूस खालच्या पायरीवर पाय ठेवतो.

भारतीय वंशाच्या मुलांची कहाणी यात आणखी एक पदर घालते. १८३८ पासून गयानात, १८४५ पासून त्रिनिदादमध्ये, १८७३ पासून सुरीनाममध्ये गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले. बहुतेक आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. त्रिनिदादला एकूण १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांची भोजपुरी आज तिथल्या तरुणांना येत नाही. ती चटणी संगीताच्या ओळींत, लग्नाच्या गाण्यांत आणि स्वयंपाकघरातल्या शब्दांत शिल्लक आहे. इंग्रजी शाळेने ती मारली हे खरं, पण निम्मंच. भारतातून आलेल्या पंडितांनी आणि प्रचारकांनी त्या लोकांना सांगितलं की तुम्ही बोलता ती तुटकी हिंदी. शुद्ध हिंदी शिका. शुद्ध हिंदी कोणाच्या घरची नव्हती, म्हणून ती रुजली नाही. अशुद्ध ठरलेली भोजपुरी आजीबरोबर गेली. एका मुलाच्या दोन्ही भाषा तुटक्या ठरल्या, एक इंग्रजीच्या मापाने आणि दुसरी हिंदीच्या. त्रिनिदादच्या भाषाशास्त्रज्ञ पेगी मोहन यांनी त्या भोजपुरीचं व्याकरण नोंदवलं तेव्हा ती शेवटच्या पिढीच्या तोंडी होती. सुरीनाममध्ये भोजपुरीच्या वळणाची सरनामी त्यामानाने तगली, १९८६ मध्ये तिचं लेखन प्रमाणित झालं, तिच्यात कविता लिहिली जाते. ती अजून बोलली जाते, पण शाळेत तिला फारसा थारा नाही.

आपला संबंध इथे कॅरिबियनपेक्षा मॉरिशसमधून येतो. कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची नातवंडं-पतवंडं घरी क्रेओल बोलतात आणि शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकतात. २०१२ पासून तिथे क्रेओलही प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाला. त्या देशातल्या मराठी संस्थांना महाराष्ट्र सरकारने पुस्तकं पाठवावीत, जरूर पाठवावीत. पण तिथल्या मराठी मुलाची मातृभाषा आज क्रेओल आहे, हे मान्य करायला आपली जीभ अडखळते. ती अडखळू नये.

ब्रिटनमध्ये गेलेल्या कॅरिबियन कुटुंबांच्या मुलांनी या गैरसमजाची सर्वांत क्रूर किंमत मोजली. १९६० च्या दशकात लंडनमध्ये ही मुलं 'शैक्षणिकदृष्ट्या मंद' म्हणून वेगळ्या शाळांत ढकलली जात होती. लंडनमध्ये शिकवणाऱ्या ग्रेनाडाच्या बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये एका पुस्तिकेतून ते उघडकीला आणलं. बुद्धिमापन चाचणी घेणाऱ्याची भाषा एक, मुलाची दुसरी. शिक्षकाला वाटे की पोर वाईट इंग्रजी बोलतंय, म्हणजे डोक्यानेच कमी. (हेच कोर्ड पुढे ग्रेनाडाचे उपपंतप्रधान झाले आणि पंतप्रधान मॉरिस बिशप यांच्या हत्येत दोषी ठरले, माणूस एका बाबतीत बरोबर असला की सगळ्याच बाबतीत असतो असं नाही.) आज लंडनच्या सर्व वंशांच्या तरुणांच्या बोलीत जमैकन ढंग मुरलेला आहे. ज्या बोलण्यामुळे आजोबा मंद ठरले तेच नातवाच्या मित्रांना हवंहवंसं वाटतं. याला भाषेचा विजय म्हणणारे लेख मी वाचले आहेत. माझ्या लेखी हा फॅशनचा विजय आहे. शिक्षकाच्या गुणपत्रिकेत त्या बोलीला अजूनही शून्यच आहे.

प्रमाण लेखनाचा आक्षेप उरतो: तरुण व्हॉट्सअॅपवर पात्वा रोमन लिपीत मनाला येईल तशी लिहितात, मग विद्यापीठाची स्पेलिंगं कोण वापरणार? नाही वापरली तरी चालेल. ज्या पिढीला कोणी लिहायला शिकवलं नाही ती दिवसाला शेकडो वाक्यं लिहिते आणि समोरच्याला ती कळतात, ही अडचण कशी मानायची? लिपीचा घोळ शाळेने वापर सुरू केला की दहा-पंधरा वर्षांत आपोआप निवळतो. न वापरता वाद घालत बसलं तर शंभर वर्षंही निवळत नाही.

एकच औषध सगळ्या बेटांना चालेल असं मी म्हणणार नाही. बार्बाडोसमध्ये आणि बऱ्याच अंशी त्रिनिदादमध्ये लोकांची बोली आणि इंग्रजी यांच्यामध्ये इतक्या मधल्या पायऱ्या आहेत की वेगळी पाठ्यपुस्तकं काढणं कदाचित अनावश्यक ठरेल. तिथे शिक्षकांनी दोन व्याकरणं ओळखून शिकवलं तरी पुष्कळ. हैतीत मात्र अर्धवट काही चालणार नाही, शिडी तळापासून वरपर्यंत क्रेयोलची हवी आणि फ्रेंच चांगल्या शिक्षकाकडून परकी भाषा म्हणून. कुरासावचा निकाल नेदरलँड्सच्या विद्यापीठांपाशी अडतो. जमैका यांच्या मधे आहे, आणि म्हणूनच तिथला पेच सर्वांत चिवट आहे: भाषा पुरेशी वेगळी, पण वेगळी आहे हे न मानण्याइतपत जवळची.

म्हणून जमैकाच्या बाबतीत मी अधिकृत दर्जाची वाट पाहत बसणार नाही. संविधानात ओळ आली तर उत्तमच, पण हैतीचा अनुभव सांगतो की ती ओळ वर्गाच्या दारातून आपोआप आत शिरत नाही. सुरुवात परीक्षेपासून करावी. २०१९ पासून प्राथमिक शाळांत पीईपी ही नवी मूल्यमापन पद्धत आली आहे. चौथी, पाचवी, सहावीला ती होते. त्यात गणिताचाही पेपर असतो, आणि तो इंग्रजीत असतो. शाब्दिक उदाहरण चुकलं तर मुलाला भागाकार आला नाही की प्रश्न कळला नाही, हे तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही. चौथीच्या गणिताचे प्रश्न इंग्रजीत छापा आणि सोबत पात्वामध्ये वाचून ऐकवा. इंग्रजीचा पेपर आहे तसाच इंग्रजीत राहू दे, कडक तपासा. मुलांचे गणिताचे गुण आधी किती होते आणि आता किती, ते जाहीर करा. पीईपी जमैकाची स्वतःची आहे. त्यासाठी ना परीक्षा परिषदेची परवानगी लागते, ना संसदेचं दोन-तृतीयांश बहुमत. मंत्रालयाचा एक आदेश पुरे, आणि तासाभराची एक ध्वनिफीत.